ब्लॉक करण्याआधी पुरावा जपा

माननीय संपादक महोदय,

सायबर जागृतीची व्याख्याने आता गोव्यातल्या बहुतेक शाळांत होतात. ‘अनोळखी माणसाशी बोलू नका’ हे मुलांना तोंडपाठ आहे. पण बोलून झाले, फोटो गेला आणि समोरून धमकी आली, तर पहिल्या तासात काय करायचे हे मुलांनाही कोणी सांगत नाही आणि पालकांनाही.

प्रकार बहुधा ठरलेला असतो. इन्स्टाग्रामवर आपल्याच वयाच्या वाटणाऱ्या कोणाची तरी विनंती येते, गोड बोलणे होते, मग व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ कॉल. त्याचे रेकॉर्डिंग होते आणि पाठोपाठ मुलाच्या फॉलोअर्सची यादी त्यालाच पाठवली जाते: पैसे टाक, नाहीतर या सगळ्यांना पाठवतो. घाबरलेले मूल चॅट पुसते. घरी कळले की फोन जप्त, अ‍ॅप डिलीट. पुरावा तिथेच संपला. शाळेत तर शिक्षक तो फोटो मुख्याध्यापकांना ‘माहितीसाठी’ पुढे पाठवतात. हेतू कितीही चांगला असो, १८ वर्षांखालील मुलाचे अश्लील चित्र पाठवणे माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७-ब नुसार गुन्हा आहे.

फोटो आहे तिथेच राहू द्यावा आणि फोन तसाच पोलिसांना दाखवावा. स्क्रीनशॉट काढायचे ते धमकीच्या मजकुराचे, तारीख-वेळ दिसेल असे. प्रोफाइलवर झळकणारे नाव कुचकामी; यूजरनेम, प्रोफाइलची लिंक आणि फोन नंबर टिपावा. इन्स्टाग्रामच्या व्हॅनिश मोडमध्ये (यात पाहिलेले संदेश आपोआप नाहीसे होतात) स्क्रीनशॉट काढल्याचे समोरच्याला कळते, म्हणून तो मजकूर दुसऱ्या फोनने टिपावा. व्हॉट्सअ‍ॅपवर रिपोर्ट करताना ब्लॉक करून चॅट पुसण्याची खूण आपोआप लागलेली असू शकते; ती आधी काढावी. हे सगळे झाल्यावरच ब्लॉक.

पैसे देऊ नयेत. एकदा दिले की मागणी वाढतेच. दिले असतील तर यूपीआय आयडी आणि १२ अंकी व्यवहार क्रमांक हाताशी घेऊन लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करावा. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर महिला व बालकांसाठी वेगळा विभाग आहे. तिथे नाव न देताही तक्रार होते, पण तिचा पुढचा मागोवा घेता येत नाही, म्हणून शक्य असेल तर नावानिशी द्यावी. मुलांसाठी १०९८ ही हेल्पलाइन आहेच. ‘टेक इट डाऊन’ ही मोफत सेवा फोटो फोनबाहेर न नेता त्याचा डिजिटल ठसा तयार करते आणि सहभागी कंपन्या त्यावरून तो हटवतात. व्हॉट्सअ‍ॅपच्या खासगी चॅटमध्ये मात्र तिचा उपयोग नाही.

‘गावात बोभाटा नको’ म्हणून घरचे गप्प बसतात. पण मुलांवरील लैंगिक गुन्ह्यांसाठीच्या पॉक्सो कायदा, २०१२ च्या कलम २४ नुसार मुलाचा जबाब घरी किंवा त्याला हव्या त्या ठिकाणी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने आणि गणवेशाविना घ्यायचा असतो. मुलाची ओळख प्रसिद्ध करता येत नाही. उलट, गुन्हा ठाऊक असून न कळवणे कलम २१ नुसार शिक्षापात्र आहे, आणि त्यातून शिक्षकही सुटत नाहीत.

घरी एवढे तरी आजच पाहावे: इन्स्टाग्रामवर मुलाने जन्मसाल कोणते टाकले आहे? ते खोटे असेल तर टीन अकाउंटचे, म्हणजे १८ वर्षांखालील मुलांच्या खात्याला आपोआप मिळणारे, संरक्षण लागेलच असे नाही. खाते प्रायव्हेट असले की फॉलोअर्सची यादी परक्याला दिसत नाही, अर्थात त्या परक्याची विनंती मुलानेच स्वीकारलेली नसेल तर.

शाळांनी वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपऐवजी कम्युनिटीचा घोषणा ग्रुप वापरावा. त्यात पालकांचे नंबर एकमेकांना दिसत नाहीत. स्नेहसंमेलनाचे फोटो फेसबुकवर टाकताना मुलाचे नाव, इयत्ता व ओळखपत्र त्यात नसावे. आणि वरचे क्रमांक, पुरावा जपण्याच्या पायऱ्यांसह, विद्यार्थ्यांच्या दैनंदिनीत पहिल्या पानावर छापावेत. पालक-शिक्षक संघाच्या पुढच्या बैठकीत हा ठराव सहज होऊ शकेल.

– एक संगणक शिक्षक, फोंडा