दूरस्थ सायकॉलॉजी बंद, मग आम्ही शिकायचं कुठं?

संपादक महोदय,

यूजीसीने जुलै-ऑगस्ट 2025 पासून सायकॉलॉजीच्या दूरस्थ आणि ऑनलाइन कोर्सेसना नवीन प्रवेश बंद केलेत, त्याबद्दल लिहितेय. कोविडमध्ये मिस्टर गेले, पाठोपाठ सासरे, मग पतसंस्थेतली नोकरी आणि पोरं सांभाळत मी इग्नूतून एम.ए. सायकॉलॉजी केलं, कारण तिथं कुठल्याही शाखेची पदवी चालायची, माझं आपलं बी.कॉम. रात्री भांडी आवरून ओट्यावरच असाइनमेंट लिहायचे, शोकाचा विषय आला की पेन अडायचं. आता रेग्युलर कॉलेजला जायचं म्हणजे नोकरी सोडायची, घर कोण चालवणार? प्रॅक्टिकल घरबसल्या येत नाही हे मान्य, नुसत्या एम.ए.वर क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट होता येत नाही, आरसीआयची, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेची, नोंदणी लागते, तेही बरोबरच, बोर्ड लावून बसणारे काय कमी आहेत का! पण मग थिअरी दूरस्थ ठेवा आणि प्रॅक्टिकल जिल्हा रुग्णालयात सक्तीचं करा. ते जमत नसेल तर विद्यापीठांनी संध्याकाळच्या बॅचेस तरी काढाव्यात, परवडेल अशा फीमध्ये.

– एक वाचक, कराड