गुरुपुरब म्हणजे गुरुपौर्णिमा नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गुरुपौर्णिमेला नागपुरात चौकाचौकांत फलक लागतात. व्यास, ज्ञानेश्वर, तुकडोजी महाराज यांच्या रांगेत गुरू नानकदेव, आणि खाली शीख बांधवांनाही गुरुपौर्णिमेच्या शुभेच्छा. भावना चांगली, पण शिखांचा सण 'गुरुपुरब', म्हणजे गुरूंच्या जयंतीसारखा स्मरणाचा दिवस; त्यातला 'पुरब' म्हणजे पर्व. पौर्णिमेशी त्याचा संबंध नाही. नानकदेवांचा गुरुपुरब कार्तिक पौर्णिमेला असतो, हा योगायोग. गुरू गोविंदसिंगांचा पौष शुद्ध सप्तमीला येतो. आषाढी पौर्णिमा व्यासपूजेची.

खरा फरक गुरू कोणाला म्हणायचं यात आहे. आपल्याकडे गुरू ज्याचा त्याचा. गहिनीनाथांनी निवृत्तीनाथांना अनुग्रह दिला, त्यांनी ज्ञानदेवांना. नामदेवांना विसोबा खेचर भेटले. ही साखळी आजही सुरू आहे. शिखांमध्ये देहधारी गुरूंची परंपरा १७०८ साली नांदेडला थांबली आणि गुरुपद ग्रंथसाहिबाकडे गेलं. म्हणून त्याच्या १४३० पानांना 'अंग' म्हणतात. ज्या सहा गुरूंची वाणी त्यात आहे, त्या सर्वांची नाममुद्रा एकच, 'नानक'. पद कोणाचं, हे 'महला'च्या, म्हणजे गुरूंच्या क्रमाच्या, आकड्यावरून ओळखायचं: महला ५ म्हणजे गुरू अर्जनदेव. ज्योत एकच, देह निराळे, असा त्याचा अर्थ.

आपल्या नामदेवांची ६१ पदं त्यात आहेत. म्हणून त्यांना 'शिखांचे गुरू' लिहिलं जातं, तेही चूक. शीख त्यांना 'भगत नामदेव' म्हणतात. त्यांच्या पदांपुढे मात्र गुरुवाणीपुढे झुकावं तसंच डोकं टेकवतात.

ग्रंथसाहिबाला पोथी समजून नारळ, हळदकुंकू घेऊन जाणारेही असतात. गुरुद्वाऱ्यात ते चालत नाही. डोकं झाकायचं, मत्था टेकायचा, बसायचं. पहाटे 'प्रकाश' होतो, म्हणजे ग्रंथ उघडून मांडतात; रात्री 'सुखासन', म्हणजे मिटून विश्रांतीला ठेवतात; दिवसभर चवरी ढाळतात, कारण समोर गुरू बसले आहेत. हुकुमनामा, म्हणजे ग्रंथातून मिळणारा गुरूंचा आदेश, घेताना ग्रंथ सहज उघडतात आणि डाव्या अंगावरचं वरचं पद वाचतात. ते मागच्या अंगावर सुरू झालं असेल, तर पान उलटून पहिल्या ओळीपासून. अर्धवट वाचलेला हुकूम हा हुकूमच नव्हे. (नांदेडच्या तख्तावर, म्हणजे हजूर साहिब गुरुद्वाऱ्यात, दिव्यांची आरती होते, ती तिथली जुनी मर्यादा, म्हणजे रीत, आहे; इतरत्र ती सहसा नसते.)

कार्तिकात गुरुद्वाऱ्याचं छायाचित्र छापाल, तेव्हा त्याखाली 'पोथीपूजन' न लिहिता 'हुकुमनामा घेताना' असं लिहावं, ही विनंती.

– एक वाचक, नागपूर