रेडिओवाले काका, त्या ‘वायच’बद्दल

प्रिय रेडिओवाले काका,

स. न. वि. वि.

तुम्हाला माझं नाव आठवणार नाही, आणि तुमचं नाव मी कधी विचारलंच नाही. वेंगुर्ल्याच्या बाजारात तुमच्या दुकानावर पाटीही नव्हती. ‘रेडिओवाल्याकडे जा’ म्हटलं की लोक तुमच्याकडेच पाठवायचे. आता तिथे मोबाइलची कव्हरं टांगलेली असतात. तिथला मुलगा म्हणाला, काका लेकाकडे गेले, कुठे ते माहीत नाही. म्हणून पत्ता नसलेलं हे पत्र चारचौघांत लिहितो आहे. वेंगुर्ल्याचं कुणी वाचलं तर तुमच्यापर्यंत पोचेल.

साल २००८, जुलै महिना. भिजलेली प्लॅस्टिकची पिशवी घेऊन एक पोरगा तुमच्याकडे आला होता. पिशवीत प्लेस्टेशन टूचा, म्हणजे टीव्हीला जोडायच्या गेमच्या मशीनचा, कंट्रोलर होता. तुम्ही शेवटपर्यंत त्याला ‘रिमोट’च म्हणालात. तो पोरगा मी.

आधी माझं दुखणं काय होतं ते सांगतो, कारण तेव्हा मला ते धड सांगताच आलं नव्हतं. गेमचं नाव ‘मेटल गिअर सॉलिड ३: स्नेक ईटर’. २००४ सालचा, हिदेओ कोजिमाचा गेम. काळ १९६४चा, शीतयुद्धाचा. एक अमेरिकन हेर एकटाच सोव्हिएत जंगलात शिरतो. साप, मासे, फळं खाऊन जगतो, गवतात लोळून पहारेकऱ्यांना चुकवतो. बंदुका मिळतात, पण गेमची खरी शान त्यातल्या झटापटीत आहे. ‘सीक्यूसी’, म्हणजे अगदी अंगाला अंग लागेल इतक्या जवळून लढायची पद्धत. नायकाने आणि त्याच्या गुरूने, द बॉस नावाच्या बाईने, ती मिळून बसवलेली असते.

हे सगळं कंट्रोलरवरच्या गोलाची खूण असलेल्या एका बटणावर चालतं. अंगठ्याने फिरवायची छोटी काठी एखाद्या दिशेला ढकलून गोल दाबलंत तर पहारेकरी धोबीपछाड खातो. काठी सोडून नुसतं गोल दाबून धरलंत तर मागून त्याच्या गळ्याला विळखा बसतो. आणि विळखा बसल्यावर तेच बटण जोरात दाबलंत, की नायक सुरीने त्याचा गळा चिरतो.

माझी नड इथेच होती. मला पहारेकऱ्याला बोलतं करायचं होतं. त्यासाठी विळखा कायम ठेवून डावी काठी खाली दाबायची असते, मग तो घाबरून काहीबाही सांगतो. माझ्या हातून दर वेळी गळाच चिरला जायचा. पंधरा मिनिटं गवतात सरपटत जायचं, श्वास रोखून त्याच्या पाठीशी उभं राहायचं, धरायचं, आणि सर्रकन कारभार आटोपलेला.

कोल्हापूरला ज्या दुकानातून तो कंट्रोलर घेतला तिथे नेला, तर “बोटं जड आहेत तुमची, नवा घ्या” एवढंच ऐकवलं. नवा घ्यायला पैसे नव्हते. सुट्टीत गावी आलो तो हे असं घेऊन. बंदरावर होड्या ओढून झाकून ठेवलेल्या, मासेमारी बंद, दिवसातून चार वेळा लाइट जाणार आणि पाऊस असा की रस्त्यापलीकडचं दुकान दिसू नये. तुमच्याकडेही गिऱ्हाईक नव्हतं, हे माझं नशीब.

तुम्ही कंट्रोलर उघडलात. मी आतून तो पहिल्यांदाच पाहत होतो. गोल बटणाखाली काळ्या रबराची टोपी, तिच्याखाली एक्स-रेच्या कागदासारखी पातळ फिल्म, फिल्मवर कार्बनचे काळे पट्टे. फिल्मचं शेपूट एका स्पंजच्या तुकड्याने सर्किटवर दाबून बसवलेलं, आणि तो स्पंज शिळ्या घावनासारखा चपटा झालेला. पट्ट्यांच्या टोकांवर पांढुरकी साय आली होती. तुम्ही ती नखाने खरवडलीत आणि म्हणालात, “खारी हवा. रेडियो खाता, टीव्ही खाता, ह्या पण खाल्ल्यान.”

मग रबराची टोपी बोटावर घेऊन तुम्ही मला दाखवलीत. हलकी दाबली की टोकच टेकतं. जोरात दाबली की चपटी होऊन जास्त जागा टेकते, आणि जितकी जास्त टेकेल तितकी वीज सोपी वाहते. “स्विच न्हय रे ह्यो,” तुम्ही म्हणालात, “व्हॉल्यूम असा.”

काका, दोन वर्षं मी तो गेम खेळत होतो आणि हे मला कुणी सांगितलं नव्हतं. बटण म्हणजे चालू किंवा बंद, एवढंच मला ठाऊक. त्या कंट्रोलरमध्ये प्रत्येक दाबाचा आकडा शून्यापासून २५५ पर्यंत मोजला जातो, हे मी पुढे वाचलं. पण ‘व्हॉल्यूम’ या एका शब्दात ते सगळं आलेलंच होतं.

आजाराचं मूळही तिथेच सापडलं. स्पंज बसल्यामुळे हलका दाब सर्किटपर्यंत पोचायचाच नाही. बटण ऐकत नाही म्हणून मी जोरात दाबायचो, आणि जोर पोचला की तो एकदम शेवटच्या टोकाचा. म्हणजे कोल्हापूरकर अर्धवट खरं बोलला होता. बोट जड होतं, पण ते जड त्याच्याच मालाने केलं होतं.

तुम्ही पट्टे स्पिरिटने पुसलेत, कालनिर्णयाच्या जुन्या पानाची बारीक घडी करून स्पंजच्या मागे सारलीत. बटण पिसासारखं चालायला लागलं. मी उड्या मारत घरी गेलो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तोंड पाडून परत आलो. कंट्रोलर सुधारला, पण अंगठा जुनाच होता. आता तर गळे आणखी पटकन चिरले जात होते.

खरं तर तुमचं काम आदल्या दिवशीच संपलं होतं. दहा रुपये घेऊन झाले होते. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, वस्तू चालते ना, मग जा. तुम्ही मात्र कंट्रोलर पुन्हा उघडलात, फळीवरचा वीज तपासायचा काट्याचा मल्टिमीटर खाली घेतलात, त्याच्या दोन सळया त्या गोल बटणाच्या पट्ट्यांना लावून धरलात आणि मला म्हणालात, “दाब.”

मी दाबलं. सुई सपकन उजवीकडे जाऊन आपटली.

“वायच दाब.” वायच, म्हणजे आपल्या मालवणीत जरासं.

पुन्हा आपटली. तिसऱ्यांदा हललीच नाही. चौथ्यांदा आपटली. “सुये मधी हाड आणि धर,” तुम्ही म्हणालात आणि सळया माझ्या डाव्या हातात देऊन एका म्हातारीचा ट्रान्झिस्टर सोडवायला बसलात.

किती वेळ मी ती सुई मधोमध धरत बसलो होतो, सांगता येणार नाही. पत्र्यावर पाऊस वाजत होता, दुकानात रोझिनचा वास, बाहेर कुणीतरी छत्री झटकत होतं. सुरुवातीला नुसती थरथर. मग लक्षात आलं की अंगठ्याचं टोक वापरलं तर जोर आवरत नाही, अंगठ्याचं पोट नुसतं टेकवलं तर आवरतो. मनगट टेबलावर ठेवलं तर आणखी बरं. दुपारी सुई मधोमध आली आणि माझ्या मनात दहा आकडे होईपर्यंत तिथेच राहिली. तुम्ही मान वर न करता विचारलंत, “इली?” तुम्हाला कसं कळलं ते मला अजून समजलेलं नाही. बहुधा माझा श्वास ऐकू आला असणार.

संध्याकाळी मी सगळा संसारच घेऊन आलो. तुमच्या दुरुस्तीच्या रंगीत टीव्हीला पिवळी, लाल, पांढरी वायर जोडली. तुम्ही स्टुलावर. “ह्यो कोण? रानात कित्याक लोळता?” मी समजावलं. नायकाच्या हातात मोठी रायफल असली तर हा डाव बसत नाही, म्हणून आधी ती ठेवून दिली. मग काठी सोडून दिशेच्या चार बाणांनी पाऊल टाकायला लागलो, कारण बाणांनी तो मांजरासारखा चालतो, आवाज होत नाही. पहारेकऱ्याची पाठ आली. गोल, हलकेच. विळखा बसला. तो तडफडतोय, पण जिवंत!

आणि डावी काठी दाबली, तसा गेला बिचारा.

तुम्ही मोठ्याने हसलात. “मेलेलो माणूस काय सांगतलो तुका?” मग माझे दोन्ही अंगठे हातात धरून पाहिलेत आणि खरा आजार तुम्हीच ओळखलात. डाव्या अंगठ्याने जोर लावला की उजवाही आपोआप आवळला जात होता. दोघांना एकमेकांची सवय. “स्कूटर चालवतंस मां? हाफ क्लच.” मी चालवायचो की! चढावर गाडी उभी करून डाव्या हाताने क्लच जरासा सोडत, उजव्याने जरासा पीळ देत ती मागे न घसरू देता पुढे काढायची. दोन हातांची दोन वेगळी कामं. मला ते येत होतंच, ते या बटणांवर आणायचं एवढंच माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

तीनदा चुकलो. चौथ्या वेळी उजवा अंगठा सुईच्या आठवणीवर ठेवला, डावा सरळ खाली दाबला, आणि पहारेकरी बोलला. काय बोलला? रेडिओची फ्रिक्वेन्सी! या गेममध्ये पकडलेले शिपाई असे आकडे सांगतात. नायकाने आपल्या रेडिओवर तो आकडा लावला की कधी शोधमोहीम रद्द होते, कधी चक्क गाणी लागतात. तुम्ही स्टुलावरून उठलात. “लाव, लाव तो स्टेशन!” मी आकडा फिरवत होतो आणि तुम्ही टीव्हीच्या काचेला नाक लावून उभे. मागे फळीवरच्या तुमच्या संचावर पणजी केंद्र खरखरत होतं. एवढ्या खुशीत मी तुम्हाला त्या आठवड्यात दुसऱ्यांदा पाहिलं नाही. तेवढ्यात लाइट गेली.

त्यानंतर मी गेम पहिल्यापासून सुरू केला, आणि त्याला कारण होतं. या गेममध्ये एक नदी आहे. द सॉरो नावाच्या आत्म्याशी गाठ पडते, पण त्याच्याशी लढायचं नसतं, प्रवाहाविरुद्ध फक्त चालत जायचं असतं. तोवर तुम्ही ज्यांना मारलंत ते सगळे समोरून चालत येतात. पहिल्या वेळी माझी नदी संपता संपेना. खराब बटणाने गेलेले, जड अंगठ्याने गेलेले, सगळे एकामागून एक. दुसऱ्या वेळी नदी जवळजवळ रिकामी होती. आई मागे तांदूळ निवडत बसली होती. तिने विचारलं, “काय रे, नुसता पाण्यातून चालतोयस?” तिला काय सांगणार!

शेवटची लढत त्याच गुरूशी असते. पांढऱ्या फुलांचं शेत, हातात दहा मिनिटं. द बॉस तोच डाव तुमच्यावर टाकते, आणि ती धरायला येते नेमक्या त्या क्षणी गोल दाबलं तर तिची पकड उलटवता येते. सुट्टीच्या शेवटच्या दिवशी ते दाखवायलाच मी तुमच्याकडे आलो होतो. लढत संपली. ती फुलांत पडलेली, नायक बंदूक रोखून उभा, आणि पडद्यावर काही होईना. मला वाटलं कॅसेट अडकली. (तुमच्यामुळे मीही डीव्हीडीला कॅसेट म्हणायला लागलो होतो.) मग उमगलं, गेम माझी वाट पाहतोय. गोळी मलाच झाडायची आहे. मी अंगठा चौकोनाच्या बटणावर नेला आणि सवयीने नुसता टेकवला. तुम्ही बराच वेळ गप्प होतात. मग हळूच म्हणालात, “आता वायच दाबून जमाचा नाय, झिला.”

२०२५च्या गणपतीत पुतण्या पुण्याहून नवं मशीन घेऊन आला. २८ ऑगस्टला या गेमची नवी आवृत्ती निघाली, ‘डेल्टा’ नावाने, चतुर्थीच्या दुसऱ्याच दिवशी. गावच्या नेटवर गौरी जेवून गेल्या तरी डाउनलोड चालूच होतं. शेवटी लागला एकदाचा. चित्रं अशी की पानावरचा थेंबही मोजावा. पण काका, नव्या कंट्रोलरच्या गोल बटणाला जोर कळतच नाही. २०१३ साली प्लेस्टेशन फोर आलं तेव्हाच ते काढून टाकलं. आता तो नुसता स्विच. पुतण्याने पहिल्याच पहारेकऱ्याला धरलं, बोलतं केलं आणि पुढे निघाला. मी म्हटलं, “अरे, सांभाळून, हलकेच.” तो म्हणाला, “काका, हलकेच म्हणजे काय?”

मग मी माळ्यावरून जुना खोका काढला आणि स्क्रू सोडवून तो कंट्रोलर उघडला. रबर कडक झालंय, पट्ट्यांवर पुन्हा साय आलीय. तुमची कालनिर्णयाची घडी मात्र जागेवर आहे, मंगळवारचा तुकडा बाहेर आणि बुधवार आत दुमडलेला. मल्टिमीटर आता माझ्याकडेही आहे, काट्याचाच घेतला मुद्दाम. पुतण्याला सळया धरायला दिल्या आणि म्हटलं, दाब. सुई जाऊन आपटली.

दहा रुपयांत तुम्ही मला दोन दिवस दिलेत, आणि मी निघताना साधं ‘येतो’ म्हणून पळालो, एसटी चुकेल म्हणून. काका, मनापासून आभार. जिथे असाल तिथे तब्येतीला जपा, आणि जवळ एखादा बिघडलेला रेडिओ असू द्या.

एक स्क्रू तेव्हा तुमच्याकडेच राहिला वाटतं. कंट्रोलर अजून उजव्या हाताला वायच हलतो.

तुमचा,
भिजलेल्या पिशवीतला रिमोटवाला