त्या संख्येचा मान वेगळा

रविवार पुरवणीतील सर्वांत मोठ्या ज्ञात मूळ संख्येवरील लेख वाचला. २०२४ मध्ये सापडलेल्या या ४,१०,२४,३२० अंकी संख्येमुळे बँकांचे व्यवहार अधिक सुरक्षित होतील, हे विधान पटत नाही. माहिती सांकेतिक रूपात लपवणाऱ्या आरएसए पद्धतीच्या २०४८ बिटांच्या किल्लीला सुमारे ३०० अंकी दोन मूळ संख्या पुरतात, आणि त्या गुप्त असाव्या लागतात. ही तर जगजाहीर! तिचे मोल गणितातच आहे. २ च्या १३,६२,७९,८४१ व्या घातातून १ वजा केल्यावर ती मिळते. या रूपामुळेच लुकास-लेमर कसोटीने तिचे मूळत्व तपासता येते. शिवाय युक्लिडच्या सिद्धांतानुसार तिच्यापासून ६, २८, ४९६ यांच्या कुळातली एक परिपूर्ण संख्याही (स्वतःखेरीज इतर सर्व विभाजकांची बेरीज स्वतःइतकीच असणारी) तयार होते. लेखात याचा उल्लेखही नसावा, याचे आश्चर्य वाटले.

– एक गणित शिक्षक, सातारा