सगळंच कसं काय तीव्र होतं?

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

हल्ली पेपर उघडला की जे बघावं ते तीव्र झालेलं असतं. शोध तीव्र, तयारी तीव्र, प्रचार तीव्र, आणि परवा तर दोन देशांनी आपलं सहकार्यही तीव्र केलं, म्हणजे आता भांडणार की काय असं वाटलं मला! इंग्रजी बातमीत ‘इन्टेन्सिफाय’ दिसलं की हात आपोआप तिकडेच जात असणार. बरं चूक म्हणावी तर डिक्शनरीत हाच अर्थ दिलाय.

पण इंग्रजीत त्या शब्दाला बरं-वाईट असं काही नाहीये, दुखणं पण इन्टेन्सिफाय होतं आणि प्रेम पण, रंग पण. मूळ लॅटिन, अर्थ ताणणे, तार ताणतो तसं. फक्त वाईटच वाढवायचं असेल तर त्यांच्याकडे ‘ॲग्रव्हेट’ वेगळं आहे, भांडण वरवर चढत गेलं तर ‘एस्कलेट’ (ते सरकत्या जिन्यावरून, एस्कलेटरवरून आलं, खरंच). आपल्या ‘तीव्र’ला मात्र टोक आहे. तीव्र वेदना, तीव्र नाराजी, तीव्र उतार. चक्रीवादळ तीव्र होऊ दे, माझी काही तक्रार नाही, पण मैत्री कशी होणार?

गंमत पुढेच आहे. हे ‘इन्टेन्सिफाय’ इंग्रज कवी कोलरिजने १८१७ मध्ये वापरलं आणि वर तळटीप देऊन सांगितलं की ‘जॉन्सनच्या (म्हणजे तेव्हाच्या प्रमाण इंग्रजी) कोशात हा शब्द नाही, मला माहितीये’. आधी याच अर्थाने ‘इन्टेंड’ चालायचं, न्यूटनही वापरायचा, पण तोवर त्याचा अर्थ ‘इरादा असणे’ असा होऊन बसला होता. मग ‘रेंडर इन्टेन्स’ म्हणावं, म्हणजे शब्दशः ‘तीव्र करणे’, तर त्याने वाक्य मोडतं असं कोलरिजचं म्हणणं. म्हणजे जे टाळायला त्या माणसाने नवा शब्द आणला, नेमकं तेच आपण मराठीत परत उचलून आणलंय.

आणि आपल्याला तर नवीन काही बनवायचीही गरज नाही हो. आजार बळावतो, जखम चिघळते आणि वादही चिघळतो, पाऊस जोर धरतो, भांडण पेटतं नाहीतर विकोपाला जातं, रंग गडद होतो, ताप चढतो, मैत्री घट्ट होते, प्रयत्न नेटाने होतात, तयारीला वेग येतो. यातलं एकही ‘तीव्र’ नाही आणि ‘चिघळलं’ म्हटल्यावर आतून नासतंय हे जे कळतं ते तीव्रने कुठे कळतं?

तेव्हा भाषांतर करणाऱ्यांनी आधी फक्त बघावं की वाढतंय काय, दुखणं का दोस्ती. आणि हो, या पत्राला तुम्ही ‘वाचकांचा तीव्र आक्षेप’ असं हेडिंग दिलंत तर चालेल, तिथे तो शब्द बरोब्बर बसतो.

आपला,
एक जुना वाचक