वाकडी काठी आणि आपली तालीम

कॉर्क, आयर्लंड

प्रिय बंड्या,

परवा फोनवर तू विचारलंस, "पोरगं क्रिकेट खेळतंय का न्हाई?" आणि मी गडबडीत "हो-हो" म्हणून टाकलं. खोटं बोललो. बॅट माळ्यावर पडून आहे. पोरगं हर्लिंग खेळतंय.

एका बाजूला पंधरा गडी, प्रत्येकाच्या हातात अ‍ॅशच्या लाकडाची, खाली पसरट होत गेलेली वाकडी काठी. तिला हर्ली म्हणतात, आयरिश भाषेत कामान. चेंडू म्हणजे स्लिटर: आत बूच, वर चामडं, आणि शिवणीची कड इतकी उभी की झेल घेतल्यावर तळहात सांगतो. जमिनीवरचा चेंडू हातानं उचलायचा नाही, काठीनंच वर घ्यायचा. हातात धरून चारच पावलं, मग टोला! आडव्या दांडीखालून जाळ्यात गेला तर गोल, त्याचे तीन पॉइंट. वरून गेला तर एक. चेंडू उडवून हवेतच हाणतात ना, तेव्हा मला आपली विटीच दिसते. हेल्मेट सगळ्यांना सक्तीचं झालं ते 2010 साली. त्याआधी यातले कित्येक जण उघड्या डोक्यानं खेळायचे, आता बोल!

पण खेळापेक्षा क्लब बघ. आपल्याकडं पेठेची तालीम आणि तालमीची फुटबॉल टीम, अगदी तसंच. इथं चर्चच्या हद्दीला पॅरिश म्हणतात आणि बहुतेक पॅरिशला आपापला क्लब. बापाचा तोच पोराचा. या सगळ्यांची मूळ संघटना जीएए, म्हणजे गेलिक अ‍ॅथलेटिक असोसिएशन, 1884 साली टिपररी जिल्ह्यातल्या थर्ल्स गावी एका हॉटेलात स्थापन झाली. आणि पगार? शून्य. डब्लिनच्या क्रोक पार्कात 82 हजार लोकांपुढं रविवारी खेळलेला गडी आठवड्याच्या मधल्या वारी शाळेत फळ्यापुढं उभा असतो.

त्याच मैदानात 21 नोव्हेंबर 1920 ला, सामना चालू असताना, ब्रिटिशांच्या माणसांनी गोळीबार केला. चौदा माणसं गेली, त्यात टिपररीचा खेळाडू मायकेल होगन. शेजारच्या आजोबांनी हे सांगितलं तेव्हा मी जालियनवाला काढलं. त्या वेळचा पंजाबचा लेफ्टनंट गव्हर्नर ओड्वायर हासुद्धा टिपररीचाच. आजोबा बराच वेळ चहा ढवळत बसले.

पहिलं वर्षभर मला इथं कुत्रं ओळखत नव्हतं. मग एका शनिवारी पोरांच्या मॅचला माणूस कमी पडला आणि मला गोलजवळ उभं केलं. हातात दोन झेंडे: पॉइंटला पांढरा, गोलला हिरवा. चेंडू दांडीवरून गेला आणि मी तोऱ्यात हिरवा फडकवला! मैदान हसून लोळलं. तेव्हापासून दुकानात, पोस्टात, कुठंही गेलो तरी बायाबापड्या विचारतात, "आज कुठला झेंडा?" लेका, नागरिकत्व मिळेल तेव्हा मिळेल, गाव मिळालं ते त्या दिवशी.

2025 ची हर्लिंगची ऑल-आयर्लंड फायनल क्लबातच बघितली. ही जिल्ह्यांच्या संघांची असते, कॉर्क विरुद्ध टिपररी. 2005 नंतर तोवर कॉर्कला कप नव्हता. त्याच्या आदल्या वर्षी क्लेअरकडून एका पॉइंटानं हरलेले, म्हणून सगळं गाव कॉर्कच्या लाल झेंड्यांत. अर्ध्या वेळेला सहा पॉइंटांनी पुढं. नंतरच्या अख्ख्या अर्ध्यात आपले पॉइंट किती? दोन! पंधरा पॉइंटांनी हरलो. (आपले म्हटलं बघ मी.) सँडविचची ताटं तशीच राहिली, कुणी कुणाशी बोललं नाही. तरी त्या आठवड्यात पोरांची प्रॅक्टिस ठरल्या वेळेला, पावसात.

परवा पोराच्या हर्लीला चीर गेली. पात्याला पत्र्याची पट्टी ठोकून आणली. अ‍ॅशच्या झाडांना इथं रोग लागलाय, त्यामुळं लाकूड बाहेरून आणायला लागतंय असं कारागीर सांगत होता. त्याला मी विटीदांडूचं सांगितलं तर म्हणाला, दाखव की. तेव्हा एक काम कर, बाभळीचा एक विटीदांडू पाठवून दे. विटीला दोन्हीकडं टोक नीट काढून घे, मागच्यासारखी बोथट नको.

वहिनींना नमस्कार, पोरांना पापा.

तुझा,
बाळ्या