टोपीतला थेंब पुसणाऱ्या काकांस

आदरणीय काका,

सादर नमस्कार.

आपल्या खानापूरच्या घरी येऊन गेल्याला दोन महिने झाले, तरी पडवीतली ती दुपार मनातून जात नाही, म्हणून हे पत्र सर्वांसमक्ष लिहीत आहे.

मालवणच्या समुद्रात दहा-बारा मीटर खाली रेग्युलेटरमधून, म्हणजे सिलिंडरमधली हवा श्वासाजोगी करून देणाऱ्या उपकरणातून, श्वास ओढणे जड झाले, तेव्हापासून मी दुकानांचे उंबरे झिजवत होतो. ज्याने तो विकला, त्याने निगेबद्दल एक शब्दही सांगितला नव्हता. दुसऱ्याने सर्व्हिसिंगचे पैसे घेतले आणि ‘तुमच्याच हातून पाणी गेले’ एवढे ऐकवून बोळवण केली. ते कुठून गेले, हे विचारणाऱ्याला सांगण्याइतकाही वेळ त्यांच्यापाशी नसावा, याचे आजही वाईट वाटते.

आपण नौदलातले जुने पाणबुडे. फर्स्ट स्टेज, म्हणजे रेग्युलेटरचा सिलिंडरला जोडायचा भाग, खिडकीपाशी धरून तिच्या तोंडाचा हिरवट पडलेला फिल्टर आपण मला दाखवलात. घरी आल्यावर मी रेग्युलेटर बादलीत बुडवून, मीठ निघावे म्हणून तोंडाकडच्या भागावरचे हवा सोडण्याचे पर्ज बटण दाबत असे. सिलिंडरचा दाब नसताना ते दाबले की झडप उघडते आणि पाणी नळीतून थेट फर्स्ट स्टेजपर्यंत चढते, हे आपण न रागावता समजावलेत.

पण मला खरे भिडले ते पुढचेच. फर्स्ट स्टेजचे तोंड झाकणारी टोपी, म्हणजे डस्ट कॅप, बसवण्याआधी आपण खांद्यावरच्या पंच्याच्या टोकाने ती आतून पुसलीत, उजेडात धरलीत, कडेला राहिलेला एक थेंब पुन्हा टिपलात, आणि स्वतः न बसवता ती माझ्या हातात देऊन म्हणालात, ‘आता तू बसव.’ त्या तीन शब्दांत माझ्यावरचा विश्वास होता. आपण पैसे तर घेतले नाहीतच, मी आणलेला कुंदाही शेजारच्या मुलांना वाटून टाकलात. हातातली विद्या अशी मोकळेपणाने दुसऱ्याच्या ओंजळीत घालणारी माणसे आपल्या सीमाभागात अजून आहेत, याचा मला अभिमान वाटतो.

आपल्या सांगण्यावरून केलेल्या सर्व्हिसिंगनंतर गेल्या रविवारी पुन्हा मालवणला गेलो. श्वास अगदी हलका येत होता. वर आल्यावर बोटीत सगळ्यांची आवराआवर चालली असताना मी टोपी रुमालाने पुसून उन्हाकडे धरली. कडेला एक थेंब होता. तो टिपला आणि मगच टोपी बसवली.

आपला कृतज्ञ,
बेळगावचा एक विद्यार्थी